दुकानामागच्या खोलीतलं माहेर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या वहिनीचे. सुमनवहिनीचे. आमच्या निपाणीच्या घरात दहावीपुढे कुणी शिकलेलं नव्हतं. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, दादाही तिथेच. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा वखारीत माझ्यासाठीही शब्द टाकून ठेवला होता. वहिनी घरात येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती आणि वडिलांसमोर ती एरवी तोंड उघडत नसे. त्या दिवशी त्यांना भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मामा, भावजींना बेळगावला धाडा. मार्क पडलेत तर वाया कशाला घालवायचे?" वडील भाकरी संपवून उठले. पण चार दिवसांनी त्यांनी दादाला माझी ट्रंक झाडायला सांगितली. मी पदवीधर आहे तो त्या एका वाक्यामुळे, असं मी आजही समजतो.

बेळगावला मी फिजिओथेरपी शिकलो. गावाकडे मला अजून "हाडाचा डॉक्टर" म्हणतात. मी डॉक्टर नाही, आणि फिजिओथेरपी म्हणजे मालिशही नाही. माणसाने उठावं कसं, बसावं कसं, दुखऱ्या शरीराने दिवस कसा काढावा, हे शिकवण्याचं ते काम आहे. नोकरी शोधत बंगळुरात आलो आणि एका प्रसूती हॉस्पिटलमध्ये तात्पुरता म्हणून लागलो. आधीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्या परत आल्याच नाहीत. आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत, पण मी तिथेच आहे.

माझ्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक सातव्या महिन्याच्या पुढच्या. दारात पुरुष बघून पहिला प्रश्न ठरलेला, "लेडी नाहीत का?" उत्तर माझ्याऐवजी आमच्या निर्मलाम्मा देतात. त्या आमच्या खोलीतल्या आया. मी आत असताना त्याही आत असतात, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. त्या कन्नडमध्ये म्हणतात, "लेडी मी आहे. हे नुसते लांबून सांगतात." आणि ते खरंच आहे. मी सतरंजीवर स्वतः आडवा होतो, कूस बदलून दाखवतो, उठून दाखवतो. इतक्या वर्षांत मी जितक्या वेळा गरोदर बाईसारखा उठलोय, तितक्या वेळा बहुधा एखादी आजीही उठली नसेल.

शेवटच्या दोन-तीन महिन्यांत शरीर काय काय करतं ते बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. कंबर दुखते. पहाटे पोटरीत गोळा येतो, तेव्हा पायाची बोटं आपल्याकडे ओढून टाच ताणायची, म्हणजे सुटतो. पावलांवर सूज येते, तेव्हा पाय उशीवर उंच ठेवायचे आणि घोटे वरखाली हलवायचे. जेवून आडवं झालं की छातीत जळजळ होते, म्हणून थोडं थोडं खायचं आणि पाठीला टेकू देऊन झोपायचं. हाताला मुंग्या येतात. जिना चढताना धाप लागते. झोप लागत नाही, लागली तर लघवीला उठावं लागतं. यातलं बहुतेक नेहमीचं असतं, आणि "हे नेहमीचं आहे" एवढं ऐकूनच निम्म्या बायकांचे खांदे खाली येतात. पण एकाएकी तोंड सुजलं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तळहात-तळपाय खाजतायत, बाळाची हालचाल कमी वाटतेय, तर ते नेहमीचं नव्हे. अशी बाई माझ्या सतरंजीवर बसतसुद्धा नाही. निर्मलाम्मा तिला खुर्चीत बसवून तशीच वर डॉक्टरांकडे नेतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. व्हाइटफील्डहून एक मृणाल यायची, पुण्याची, संगणकवाली. दोन्ही हात सकाळी बधिर व्हायचे, हातातून कप पडायचा. मनगटातली नस सुजेने दाबली जाते त्याने असं होतं. मी रात्री मनगट सरळ ठेवणारे पट्टे दिले, तर ती ते बांधूनच ऑफिसला जायला लागली.

"सर, हे थांबणार कधी ते सांगा. माझी पुढच्या महिन्यात रिलीज आहे."

"तुमच्या आतल्याचीही आहे," मी म्हणालो. "तो तुमच्या मॅनेजरचं ऐकणार नाही."

तिचा नवरा निखिल सोबत यायचा आणि उशी किती जाडीची हवी, कुठल्या कापडाची हवी, असले प्रश्न विचारायचा. अशा नवऱ्यांसाठी मी एक कापडी पट्टा शिवून घेतलाय. त्याच्या पोटाच्या जागी नाचणीची पिशवी आहे. ती बांधून नवऱ्याने सतरंजीवर आडवं व्हायचं, कूस बदलायची, खाली पडलेला मोजा उचलायचा आणि कशाचाही आधार न घेता उठायचं. निखिल बांधताना हसत होता. मोजा उचलेपर्यंत हसू गेलं. उठताना तो गुडघ्यांवर थांबला आणि भिंतीकडे बघायला लागला.

मृणाल म्हणाली, "आता पाणी मागितलं तर 'आलोच' म्हणून अर्धा तास बसशील?"

"नाही बाई," तो म्हणाला, "आधी मला उठव."

मृणालची आई पुण्याहून येऊन तीन महिने राहिली. हल्ली माहेर असं विमानाने येतं. पूर्वी मुलगी सातव्यात ओटी भरून आईकडे जायची. पुढे पुढे मला कळत गेलं की पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं हा नुसता लाडाचा भाग नव्हे. आपल्या बायकांना आयुष्यात हक्काची अशी ती एकच रजा. सासरी कंबर धरून बसली तर ती आळशी ठरते, आईकडे झोपून राहिली तर कुणी काही म्हणत नाही. माझ्या सल्ल्यातला निम्मा भाग "आराम करा" असा असतो आणि तो पाळता येण्यासाठी डोक्यावर एक वेगळं छप्पर लागतं. आमच्या अभ्यासक्रमात हे कुठेच नव्हतं.

रेवतीला ते छप्पर नव्हतं. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, वडील भावाकडे हुबळीला. लग्न होऊन ती बंगळुरातल्या एका जुन्या मराठी घरात आलेली. तिच्या सासरची माणसं कैक पिढ्यांपासून चिकपेटेत आहेत. साडीच्या फॉलचं आणि अस्तराचं घाऊक दुकान. खाली दुकान, त्याच्या मागे माल ठेवायची खोली आणि वर दोन मजल्यांत घर. मधला जिना दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जावं इतका अरुंद.

तिला घेऊन आल्या त्या तिच्या सासूबाई, गिरिजाक्का. साठीच्या आसपासच्या, काठापदराची साडी, कानात कुड्या, बोलणं ठणठणीत.

"अण्णा, हिची कंबर दुखते. सगळ्यांची दुखते तीच. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली म्हणून आणलं."

"तुम्ही सांगा, कुठे दुखतं?" मी रेवतीला विचारलं.

तिने सासूकडे बघितलं. "कंबरच."

मी तिला सतरंजीवर आडवं व्हायला आणि डावीकडून उजवीकडे वळायला सांगितलं. ती निम्म्यात थांबली, श्वास धरला, ओठ पांढरे झाले. कंबरदुखीवाली बाई अशी थांबत नाही. ओटीपोटाच्या खाली, समोर, दोन हाडं जिथे जुळतात तिथे एक सांधा आहे. बाळाला वाट मिळावी म्हणून शरीर तो शेवटच्या महिन्यांत सैल करतं. काही जणींचा जरा जास्तच सैल होतो. मग चालताना, कूस बदलताना, एका पायावर उभं राहून परकर घालताना कळ उठते. खाली बसून गुडघे फाकवले की ती आणखी वाढते.

"घरी काय काय करता?" मी विचारलं.

उत्तर गिरिजाक्कांनी दिलं. "काय फार नाही. सकाळी फरशी पुसते. दोन्ही मजले. काठीच्या पोछ्याने नाही हं, खाली बसून, फडक्याने. मीच लावलंय. आम्ही सगळ्या फरशी पुसून मोकळ्या झालो. कात्री नाही, टाके नाहीत."

मी समजावलं. फरशी बंद. जिना दिवसातून एकदाच. कूस बदलताना गुडघ्यांत उशी, दोन्ही गुडघे एकदम वळवायचे. कपडे बसून घालायचे. रिक्षात बसताना आधी बूड टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. कमरेखाली बांधायचा पट्टा दिला.

"स्वल्प दुखणारच की, अण्णा," गिरिजाक्का म्हणाल्या. "पण सरी. तुम्ही म्हणता तर सरी."

बंगळुरात इतकी वर्षं काढल्यावर मला माहीत आहे की 'सरी' म्हणजे ऐकलं. करीन, असं कबूल केलेलं नसतं.

पेशंट जाताना बघायची मला सवय आहे. समोर असताना माणूस नीट चालतो. पाठ वळली की शरीर खरं बोलतं. माझ्या खिडकीतून खालचा रिक्षाथांबा दिसतो. रेवती मी सांगितलेलं विसरून एक पाय उचलून रिक्षात चढली आणि दांडा घट्ट धरून उभी राहिली. तिच्यामागून गिरिजाक्का आल्या. त्यांनी पाठ फिरवली, सीटवर आधी बूड टेकलं, दोन्ही गुडघे जुळवले आणि दोन्ही पाय एकदम आत घेतले. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. मी खोलीत सुनेला सांगत होतो तेव्हा त्या पर्समध्ये चिठ्ठी शोधत होत्या. हे त्या फार जुन्या सवयीने करत होत्या.

पुढच्या खेपेला रेवतीचं दुखणं वाढलेलं होतं. फरशी चालूच होती, हे तिने न सांगता कळलं. गुडघ्यांवर ताजे वळ होते. मी पट्टा पुन्हा मापून घ्यायच्या निमित्ताने तिला निर्मलाम्मांबरोबर पडद्याआड पाठवलं आणि गिरिजाक्कांना म्हणालो, "अक्का, तुमचं किती वर्षांपासून दुखतंय?"

"माझं काय?"

"तुम्ही रिक्षात कशा बसता ते मी बघितलं. आणि इथला जिना आडव्या अंगाने उतरता."

त्यांनी पदराचं टोक नीट केलं. "महेशच्या वेळेपासून," म्हणाल्या. महेश म्हणजे त्यांचा मुलगा, रेवतीचा नवरा. "थोरली तुमकूरला झाली, आईकडे. तेव्हा काही नव्हतं. दुसऱ्याला कोण नेतंय माहेरी? इथेच होते. पाऊल टाकलं की आत सुरी फिरायची. मला वाटलं, दुसऱ्या खेपेला सगळ्यांना होत असेल."

"नंतर गेलं नाही?"

"स्वल्प गेलं, स्वल्प राहिलं. राहिलं त्याची सवय झाली. ह्यांना कधी सांगितलं नाही. असलं जागेचं दुखणं सांगायचं तरी कुणाला?" मग पडद्याकडे बघून आवाज बारीक केला. "अण्णा, हिलाही राहील का तसंच?"

"आराम मिळाला तर बहुतेक निघून जाईल. नाही मिळाला तर मी सांगू शकत नाही."

"हिला आई नाही हो," त्या म्हणाल्या. जणू ते मला ठाऊक नव्हतं. मग म्हणाल्या, "सरी." या वेळी मी त्यावर विश्वास ठेवला. हिला दुकानामागच्या खोलीत खाली ठेवते, जिनाच नको, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

मी विचारलं होतं, हे मला इथे नोंदवून ठेवायचंय. "ही खाली राहिली तर वरचं काम कोण करणार?" आणि त्यांनी उत्तर दिलं होतं, "ते माझं मी बघते. तुम्ही हिचं सांगा."

आठवड्याने मी मेट्रोने चिकपेटेत गेलो. घर बघितल्याशिवाय मला पुढचं सांगता येत नाही. दुकानामागच्या खोलीतला माल त्यांनी एका बाजूला रचून खाट टाकली होती. चहूकडे अस्तराची ठाणं, हिरवी, राणी, मोरपंखी, खोलीभर खळीचा वास. उशा पुरल्या नाहीत म्हणून फॉलचे गठ्ठे जुन्या साडीत गुंडाळून गुडघ्यांखाली आणि पाठीला लावलेले. भिंतीला छोटा आरसा, त्याखाली कुंकवाची डबी. दुकानातला नोकर ठाण काढायला आत आला तर गिरिजाक्का दारातच त्याच्यावर गुरकावल्या, "हळू. लेक माहेरी आलीय. कळत नाही?"

रेवती पहिल्यांदा माझ्यासमोर हसली. "सर, माझं सासर वर आणि माहेर खाली. ओटी भरून जिना उतरवलं मला यांनी. खरंच ओटी भरली."

"मग?" गिरिजाक्का म्हणाल्या. "हात हलवत कोण जातं माहेरी?"

मला वाटतं, माझ्या नोकरीतल्या चांगल्या दिवसांपैकी तो एक होता. मी दुकानातून बाहेर पडलो तो स्वतःवर खूश होऊन.

रेवतीचं दुखणं उतरलं. पूर्ण गेलं नाही, पण ती झोपायला लागली. दिवस भरल्यावर मुलगी झाली, साधी सरळ बाळंत झाली. हॉस्पिटलमधून ती परत त्याच खोलीत गेली. जुन्या घरांत बाळंतिणीचं सगळं होतं तसं तिथेही सुरू झालं. सकाळी तेल, मग कढत पाण्याने आंघोळ, मग शेक आणि धुरी. बाळाचं पाणी वेगळं, आईचं वेगळं. आणि पाणी तापायचं वर. बंब वर, स्वयंपाकघर वर, न्हाणीतला नळ वर. आम्ही खाट तेवढी खाली आणली होती. मी खोली बघितली, उशा बघितल्या, खाटेची उंची हाताने मोजली. कढत पाणी कुठून येणार, हे मला सुचलं नाही. महेशलाही नाही. गिरिजाक्कांना सुचलं होतं, पण त्यांच्या लेखी तो प्रश्नच नव्हता.

बादली घेऊन उतरताना त्या जिन्यात पडल्या. पाणी पुढे सांडलं म्हणून भाजल्या नाहीत. खुब्याचं हाड मोडलं.

मला हे रेवतीकडून कळलं. ती तपासणीला आली होती, सोबत महेश होता आणि सासूबाई नव्हत्या. सवयीने मी विचारलं, "अक्का कुठे?" रेवती रडायलाच लागली. महेश म्हणाला, "सर, मी किती वेळा म्हटलं, मी आणतो पाणी. आई म्हणायची, तू गल्ल्यावर बस, गिऱ्हाईक जाईल. ऐकतच नव्हती." तो खोटं बोलत नव्हता. पण गिऱ्हाईक मात्र एकही गेलं नसणार.

ऑपरेशननंतर मी त्यांना बघायला गेलो. आता त्या खाटेवर गिरिजाक्का होत्या. फॉलचे तेच गठ्ठे त्यांच्या पायांखाली लावलेले. बाळ शेजारी जमिनीवर दुपट्यात, आणि रेवती खाटेच्या पायथ्याशी उभी, एक हात कमरेवर. खोली एकच होती आणि खाटही एकच.

"या अण्णा," अक्का म्हणाल्या. "मीही आले माहेरी. थोडा उशीर झाला एवढंच."

मी हसलो नाही. त्यांनाही ते अपेक्षित नसावं.

हाड जुळेल, वॉकर धरून खोलीत चालतील, हे मी त्यांना सांगितलं. जिना पुन्हा चढतील असं मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. फक्त म्हणाल्या, "वर देवाचं आता ही करते. फुलं कशी लावते कुणास ठाऊक." 

कोपऱ्यात नवा गिझर होता. कागदी लेबल अजून काढलेलं नव्हतं. महेशने माझी नजर तिकडे गेलेली बघितली. "खालीच बसवून घेतला, सर," तो म्हणाला.

अक्कांना खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासाच्या खुर्चीवर रेवती उचलून बसवत होती. बाळंतपणाला महिना होत आलेला. तिच्या चेहऱ्यावर मला पुन्हा तेच दिसलं, निम्म्यात श्वास धरणं. मी महेशला बाजूला घेऊन आईला कसं उठवायचं ते शिकवलं. गुडघे वाकवायचे, आपली छाती जवळ न्यायची, माणसाला काखेत धरून ओढायचं नाही. त्याने ते माझ्यावर करून बघितलं, चांगलं जमलं. मग आईवर करायला गेला. गिरिजाक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मुलाने आईचं हे करायचं नसतं," त्या म्हणाल्या.

"आई, सरांनी शिकवलंय."

"शिकवलं असेल."

त्या दिवशी त्याने उठवलं. त्यानंतरच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा पुन्हा रेवतीच उठवत होती. "त्या नको म्हणतात, सर. यांचा हात लागला की डोळ्यांतून पाणी येतं त्यांच्या. मग मीच करते. दोन मिनिटांचं तर काम." दुपारपर्यंत एक नर्सबाई ठेवली होती. दुपारनंतरचं आणि रात्रीचं सगळं रेवतीवर.

मी माझ्याकडून जे देता येईल ते दिलं. खाटेची उंची वाढवली, पकडायला भिंतीला दांडा लावून घेतला, रेवतीचा व्यायाम पुन्हा सुरू केला. निर्मलाम्मा एका रविवारी माझ्याबरोबर आल्या आणि अक्कांना त्यांच्या भाषेत पुष्कळ बोलल्या. म्हणजे रागावल्याच. अक्का ऐकून घेत होत्या आणि "सरी, सरी" म्हणत होत्या.

नंतर रेवती एकदा मुलीला घेऊन हॉस्पिटलात आली, लसीसाठी. काम झाल्यावर मी खिडकीशी उभा राहिलो. तिने मुलगी महेशकडे दिली, पाठ फिरवली, सीटवर आधी बूड टेकलं, दोन्ही गुडघे जुळवले आणि दोन्ही पाय एकदम आत घेतले. मीच शिकवलं होतं तसं, अगदी बिनचूक. एव्हाना तिला त्याची गरज उरायला नको होती.

लोक मला विचारतात, पुरुष असून तुम्हाला हे काम अवघड जात नाही का. पूर्वी जायचं. आता अवघड वाटतं ते वेगळंच. एका बाईला मी आराम सांगतो तेव्हा तो कुठल्या तरी दुसऱ्या बाईच्या अंगातून काढलेला असतो. ती दुसरी माझ्यासमोर येते ती नुसती सोबत म्हणून, पर्स सांभाळत. आता मी दोघींनाही चालायला लावतो. त्या हसतात. काही रागावतात. बहुतेकींच्या बाबतीत फार उशीर झालेला असतो आणि घरी गेल्यावर कढत पाणी कुठून येणार हा प्रश्न मी एकट्याने विचारून सुटत नाही.

गेल्या महिन्यात दादाचा निपाणीहून फोन आला. माझी पुतणी मंजू पहिल्या बाळंतपणाला घरी आलीय, नववा लागलाय. "तुझी वहिनी एकदम ठणठणीत," दादा म्हणाला. "सगळं एकटी बघते." मी वहिनीला फोन द्यायला सांगितला. चार माणसांत ती फोनवर एकच वाक्य बोलते, "बरं आहे, भावजी," आणि फोन परत देते. तसंच झालं. मागे बादली फरशीवर ठेवल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. म्हणून मी तिला पत्र लिहिलं. घरात टपालाने आलेलं पत्र दुसरं कुणी फोडत नाही. ते पत्र इथे देतो.

ती. सौ. सुमनवहिनी यांस सा. नमस्कार.

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितो. हे तुम्ही एकट्याच वाचा, दादाला दाखवलंत तरी चालेल, पण आधी एकट्या वाचा.

बेळगावला गेल्यावर मी पहिल्या दिवाळीला घरी आलो होतो. सोप्यात खाटेवर बसून मी कमरेच्या हाडांची नावं मोठ्याने पाठ करत होतो. मंजू तेव्हा पोटात होती. पहिला मुलगा तुमच्या माहेरी झाला होता, मंजूच्या वेळी तुम्ही इथेच होता. तुम्ही खाली उकिडव्या बसून सोपा सारवत होता. मला सारखं पाय वर घ्यायला सांगत होता. एकदा तुम्ही हात थांबवून विचारलंत, "भावजी, हे कुठलं हाड?" मी पुस्तक तुमच्यापुढे धरलं आणि चित्रावर बोट ठेवलं. तुम्ही म्हणालात, "असं होय," आणि पुन्हा सारवायला लागलात. तुम्ही चित्राबद्दल विचारत नव्हता, हे मला या वर्षी कळलं.

गेल्या गौरीला आलो तेव्हा तुम्ही परड्यातली पायरी आडव्या अंगाने उतरत होता. मी दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांची चाल बघतो आणि घरी आल्यावर तुमच्या हातचं जेवतो, एवढंच करतो.

तुम्हाला आराम करा असं मी लिहीत नाही. तुम्ही बसलात तर मंजू उठेल, ते मला माहीत आहे. मी दोन महिन्यांची रजा काढली आहे. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने पोचतो. पाणी तापवणं आणि उचलणं, फरशी, कपडे, मंजूचं हवं-नको, सगळं मी करणार. गल्लीतल्या बायका हसतील आणि दादा रागावेल. त्यालाही कामाला लावू. मंजूला मी लांबून सांगेन, जवळचं करायला तुम्ही बसा, बसूनच करा.

तुमचं दुखणं इतक्या वर्षांनी पूर्ण जाईल असं खोटं लिहीत नाही. जाणार नाही. थोडं कमी होईल.

सोमवारी माझ्यासाठी पहाटे उठून काही करून ठेवू नका. बंबही पेटवू नका. मी आलो की पेटवतो.

तुमचा,
सुधीर